चौदा नंबरची फळी

तेत्सुओ इसोगाईला कुस्तीतलं काही कळत नाही, असं त्याची बायको सुमिए चारचौघांत सांगते, आणि तो कधी हरकत घेत नाही. चाळीस वर्षं त्याने जपानभर रिंग उभी केली, उतरवली, ट्रकमध्ये भरली आणि पुढच्या गावी नेली. पण पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत डोळ्यांनी पाहिलेल्या कुस्त्या विचाराल, तर दोन हातांची बोटं पुरतील. कुस्ती चालू असताना त्याची जागा रिंगच्या खाली. एखादा बोल्ट सैल झाला, एखादी फळी तडकली, तर लगेच सापडावी म्हणून तो पडद्याआड उकिडवा बसायचा. डोक्यावर सव्वाशे-सव्वाशे किलोचे दोन देह आपटत असायचे आणि हा माणूस कान देऊन ऐकायचा. लोकांनी जे पाहिलं ते त्याला ठाऊक नाही, आणि त्याला जे ठाऊक होतं ते लोकांना कधी ऐकू आलं नाही.

या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो का, हे त्याला टॅक्सीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. त्याचं उत्तर एकच. "ठरवणारे ठरवत असतील बुवा. फळीला कुणी येऊन सांगत नाही."

आता तो सत्तर वर्षांचा आहे. कावागुचीत जुन्या ओतशाळांच्या मागच्या गल्लीत त्याचं आवार आहे. तिथे लोखंडी खांब, तुळया आणि वीस फळ्या नीट रचून ठेवलेल्या असतात. प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला तापलेल्या सळईने डागलेला आकडा आहे, एक ते वीस. हा आकडा प्रेक्षकांना कधी दिसत नाही. दिसायलाच नको, कारण फळीला किंचित बाक असतो. पाठ वर आणि आकडा खाली अशी बसवली तर पडणाऱ्याला ती झेलते, दबते, परत उचलते. उलटी बसली तर मधोमध खालच्या लोखंडी तुळईला टेकते, आणि मग ती फळी नसून वर लाकूड लावलेलं लोखंड असतं.

हिनोदे कुस्ती कंपनीला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. नोव्हेंबरात तोक्योच्या मोठ्या सभागृहात सोहळा, आणि त्याची रिंग इसोगाईच उभारणार होता. ती त्याची शेवटची रिंग, असं त्याने आणि सुमिएने ठरवून टाकलं होतं. सप्टेंबरात एका साप्ताहिकाची बातमीदार त्याच्याकडे आली. नागुरा मिहो तिचं नाव, तिशीची, बोलायला चुरचुरीत. अंकाचा मुख्य लेख होता कंपनीच्या दोन थोर पैलवानांची तुलना, कुमागिरी गोइची आणि आसाहिना शुंजी.

"इसोगाई-सान, एकच प्रश्न विचारते. दोघांत मोठा कोण?"

"मला विचारताय? मी तर खाली होतो."

"म्हणूनच. वर होते त्या सगळ्यांना विचारून झालंय."

हे उत्तर त्याला आवडलं. त्याने तिला खोक्यावर बसवलं, बार्लीचा गार चहा दिला आणि खालून जे दिसतं ते सांगितलं. दोघं एकाच वर्षी, त्र्याहत्तर साली, कंपनीच्या तालमीत आले. दोघांच्या गाद्या शेजारी शेजारी. दोघांनी मिळून थोरल्या पैलवानांच्या पाठी चोळल्या, लंगोट धुतले आणि रोज पन्नास माणसांचा रस्सा शिजवला. कुमागिरी अकिताच्या लाकूडतोड्याचा पोरगा, अंगाने अस्वल. आसाहिना कॉलेजात कुस्ती शिकलेला, हाडापेराने सडपातळ, हातपाय जरा जास्तच लांब.

"कुमागिरीची कुस्ती संपली की मला चारही कोपऱ्यांचे बोल्ट पुन्हा आवळावे लागायचे. आम्ही एकत्र काम केलेल्या काळात त्याच्या कुस्त्यांत सत्तावीस फळ्या मोडल्या. आसाहिनाच्या कुस्त्यांत दोन."

"म्हणजे कुमागिरी भारी?"

"ऐका तर. आसाहिना पडला की एकच आवाज यायचा. टाचेपासून बोटांपर्यंत सगळं अंग एकदम खाली. फळीला कळायचंसुद्धा नाही की माणूस पडलाय. एकाला फेकता उत्तम येत होतं, दुसऱ्याला पडता उत्तम येत होतं. आता यात मोठा कोण, ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवा."

मिहोने खूश होऊन सगळं टिपून घेतलं. मग छपाईआधीचं पान त्याच्यासमोर धरलं. त्यावर दोन रकाने होते. कुमागिरी: एकोणचाळीस वर्षं कुस्ती, आठ वेळा अजिंक्यपद. आसाहिना: पंधरा वर्षं, अजिंक्यपद एकदाही नाही. आपापसांत अकरा कुस्त्या झाल्या, चार याच्या, चार त्याच्या, तीन अनिर्णित. आणि बारावी, अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीतली, नागाओकाची. त्या ओळीवर इसोगाईची नजर खिळली. 'कुमागिरीच्या दरडीला घाबरून आसाहिना ऐनवेळी पुढे पळू लागला, तोल जाऊन मानेवर पडला. कारकीर्द संपली.'

दरड हे कुमागिरीच्या डावाचं लोकांनी ठेवलेलं नाव. समोरच्याला मागून कमरेत कवळायचं, उचलायचं आणि स्वतः पाठीवर कोसळत त्याला आपल्या डोक्यापलीकडे फेकायचं. कडा सुटल्यासारखे दोघं एकदम खाली यायचे.

"हे 'घाबरून' कुणी लिहिलं?"

"सगळीकडे तसंच छापलंय की. खुद्द कुमागिरी-सान तेव्हा मुलाखतीत म्हणाले होते." मिहोने मान तिरकी केली. "का? चूक आहे का?"

इसोगाईने चहाचा पेला खाली ठेवला. एकतीस वर्षं हा शब्द तो वाचत आला होता. वर्तमानपत्रात, पुस्तकात, न्हाव्याच्या दुकानातल्या फाटक्या अंकात. प्रत्येक वेळी त्याने पान उलटलं होतं. या खेपेला पान उलटायचं नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

"हे पान छापायला कधी जातंय?"

"पुढच्या बुधवारी."

"मंगळवारी माझ्याकडून दहा ओळी येतील. त्यांना जागा ठेवा."

अठ्ठ्याऐंशीच्या त्या दिवशी नागाओकाला जाताना खिंडीत बर्फ कोसळलं आणि ट्रक पाच तास अडकून पडला. सभागृहात पोहोचले तेव्हा बाहेर माणसांची रांग लागली होती आणि टीव्हीवाले घड्याळ दाखवत होते. एरवी अडीच तासांचं काम पन्नास मिनिटांत उरकलं. फळ्या कुणी दिल्या, कुणी घेतल्या, कशाचा कशाला मेळ नव्हता. शेवटच्या फळ्या इसोगाईने स्वतः बसवल्या, वर नमदा टाकला, त्यावर कॅनव्हास ताणला आणि घाम पुसत तो खालच्या अंधारात जाऊन बसला.

कुस्ती एकोणीस मिनिटं चालली. शेवटी तो आवाज आला. धप्प नव्हे, ठक्क. आसाहिनाला स्ट्रेचरवरून नेलं. माणसं पांगली, रिंगवाल्यांनी कॅनव्हास सोडला, नमदा गुंडाळला, आणि निळ्या कोपऱ्याजवळच्या फळीवरून डागलेला आकडा त्याच्याकडे बघत होता. चौदा.

इसोगाईने इकडेतिकडे पाहिलं, फळी उचलली आणि ट्रकात टाकली. प्रमुख म्हणून ते त्याचं पहिलंच वर्ष होतं. त्याने मूग गिळले ते गिळलेच. इस्पितळात खरबूज घेऊन गेला, पण तोंडून शब्द फुटला नाही. आसाहिनाच्या मानेला लोखंडी चौकट होती आणि तो छताकडे बघत खरबुजाचे आभार मानत होता.

नंतर इसोगाईने कामाची एक रीत घालून दिली. फळी बसवताना दोघांनी मोठ्याने ओरडायचं, "तीन, खाली! चार, खाली!" म्हणजे आकडा खाली. माणसं आधी हसली, मग सवय झाली. पुढे दुसऱ्या कंपन्यांचे रिंगवालेही तसंच ओरडू लागले. ही रीत कुठून आली, ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि दर नव्या वर्षाला तो आसाहिनाला शुभेच्छापत्र धाडायचा. मनातलं लिहायचं म्हणून बसायचा आणि लिहायचा हवापाण्याचं. आसाहिनाकडूनही पत्र यायचं. छापील शुभेच्छांखाली दर साली हाताने लिहिलेली तीच एक ओळ असायची. 'फळ्या ठणठणीत आहेत ना?' जुन्या माणसाची साधी चौकशी. पण ती वाचून इसोगाईला दोन दिवस जेवण जात नसे.

मिहो गेल्यावर त्याने हे सगळं सुमिएला सांगितलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. ती घेवड्याच्या शेंगा मोडत होती. मोडत राहिली.

"अहो, म्हणजे दर जानेवारीत तुमचं पोट बिघडायचं ते हे होय? आणि मी तुम्हाला नव्या वर्षाचे भाताचे लाडू बंद केले होते!"

"छापून आलं तर कंपनी माझी रिंग काढून घेईल."

"काढून घेईल ना. मग?"

"शेवटची रिंग आहे गं."

"एकतीस वर्षं गप्प बसून मिळवलेली शेवटची रिंग मला बघायला बोलावू नका," सुमिए म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आधी त्याला जाऊन सांगा. छापायच्या आधी. तोंडावर."

आसाहिनाचं नुमाझूला बंदराजवळ छोटं दुकान आहे. आठ खुर्च्या, मध्ये मोठं पातेलं, त्यात मुळ्याचे जाड काप, अंडी आणि माशाच्या वड्या दिवसभर मंद रटरटत असतात. इसोगाई दुपारी गेला, गिऱ्हाईक नसताना. आसाहिना अडुसष्ट वर्षांचा झाला होता. त्याची मान वळत नाही, त्यामुळे दाराकडे बघायला तो सगळाच वळला.

"अरे! फळीवाले इसोगाई-सान! या, या. मुळा आज चांगला मुरलाय."

इसोगाई बसला नाही. जमिनीवर गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं आणि पाठ करून आणलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. बर्फ, पन्नास मिनिटं, चौदा नंबर. "तुम्ही घाबरला नव्हता. माझी फळी उलटी होती. मी हे छापून आणणार आहे. तुम्ही मला माफ करू नका, फक्त ऐकून घ्या."

पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"उठा. ओली आहे फरशी," आसाहिना म्हणाला. "मला माहीत होतं."

इसोगाईने मान वर केली.

"दुसऱ्या मिनिटाला त्या कोपऱ्यात पाय पडला तेव्हाच कळलं. पंधरा वर्षं त्या फळ्यांवर पडत होतो मी. पायाला नाही कळणार? दर वर्षी तुम्हाला पत्रात विचारत होतो की. म्हटलं, कधीतरी सांगाल."

"मग थांबवलं का नाही?"

"टीव्ही चालू होता. चार हजार माणसं बर्फ तुडवत आलेली. म्हटलं, त्या कोपऱ्यात जायचं नाही, बस. कुमागिरीच्या कानात दोनदा सांगितलं, निळ्या कोपऱ्याकडे नको. त्याचा डावा कान तेव्हाही ठार बहिरा. आणि मी शहाणा, दोन्ही वेळा डाव्याच कानात सांगितलं." तो हसला, हसताना त्याचे खांदे हलले पण डोकं हललं नाही. "मग त्याने मला मागून धरलं. कुठे, तर नेमकं तिथेच. त्याची पाठ त्या कोपऱ्याकडे. दरडीत फेकणाऱ्याचं डोकंही खाली येतं, इसोगाई-सान. तिथून कोसळला असता तर त्याची टाळू बरोबर त्या फळीवर. म्हणून मी त्याला पुढे ओढलं. दोन पावलं ओढायची होती, म्हणजे दोघंही सुटलो असतो. पण ते अस्वल एकशे तीस किलोचं. एकच पाऊल मिळालं."

एका पावलाने कुमागिरीचं डोकं फळीच्या अलीकडे पडलं होतं. आणि पलीकडे फेकलेला आसाहिना बरोबर चौदावर.

"हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"मी इस्पितळातून बाहेर आलो तेव्हा तो अजिंक्य झालेला. काय सांगू? तुझं डोकं मी वाचवलं? असं सांगत फिरणाऱ्याला मीच माझ्या दारात उभा केला नसता."

"पण ते 'घाबरला'... त्याने स्वतः म्हटलं."

"दुखलं. खोटं कशाला बोलू? पहिली दहा वर्षं मानेपेक्षा तेच जास्त दुखायचं." आसाहिनाने एक मुळा बशीत काढून त्याच्यापुढे सरकवला. "तुमची फळी तुमची आहे, छापायची तर छापा. माझं पाऊल माझं. ते छापायचं नाही. त्याने ती आठ अजिंक्यपदं कष्टाने मिळवलीत. म्हातारपणी त्याला ती पुन्हा मोजायला लावू नका."

इसोगाईने मुळा खाल्ला. चांगला मुरला होता. रडत रडत खाल्ला, पण सगळा खाल्ला.

मंगळवारी दहा ओळी गेल्या. तारीख, गाव, फळीचा नंबर, कोपरा आणि खाली स्वतःचं नाव. 'आसाहिना घाबरला नव्हता. चूक माझी होती.' पावलाबद्दल एक अक्षर नाही. मिहोने फोन करून तीनदा विचारलं, "नक्की छापू ना?" तिसऱ्या वेळी तो खेकसला, "आता नाही छापलंत तर तिथे येऊन स्वतः छापीन!" तिने रकान्यातली ती ओळ खोडली, दहा ओळी चौकटीत घातल्या आणि शेजारी त्या कुस्तीचे दोन जुने फोटो लावले, एका क्षणाच्या अंतराने काढलेले.

अंक निघाला त्या दिवशी दुपारी कंपनीतून एका साहेबाचा फोन आला. सोहळ्याच्या तोंडावर असलं उकरून काढायची काय गरज होती, कंपनीच्या नावाला बट्टा लागला, वगैरे. सोहळ्याची रिंग आता दुसऱ्या मंडळींना दिली आहे.

"द्या," इसोगाई म्हणाला. "फक्त त्यांना सांगा, आकडा खाली."

फोन ठेवल्यावर तो आवारात जाऊन उभा राहिला. वाईट वाटलं, खूपच वाटलं. मग त्याने तेलाचा डबा उघडला आणि कुणी वापरणार नव्हतं त्या फळ्यांना तेल द्यायला घेतलं.

चार दिवसांनी गल्लीत टॅक्सी थांबली. आधी काठी बाहेर आली, मग कुमागिरी गोइची. सदुसष्ट वर्षांचा. दोन्ही गुडघ्यांत लोखंड, पण खांदे अजून दारातून तिरके काढावे लागत होते. काखेत गुंडाळलेला अंक. सुमिएने चहा विचारला, त्याने ऐकलं नाही. ती उजव्या बाजूला येऊन पुन्हा म्हणाली, "चहा घेणार का?"

"नंतर, वहिनी." मग इसोगाईकडे वळून म्हणाला, "तेत्सु, मांड."

"काय मांडू?"

"रिंग. सगळी नको. निळा कोपरा मांड. तुळया टाक, वर फळ्या टाक."

"कुमागिरी-सान, कंपनीला कळलं तर..."

"कंपनी गेली खड्ड्यात. मांड म्हणतो ना."

दोन म्हाताऱ्यांनी दुपारच्या उन्हात तुळया सरकवल्या. कुमागिरीने काठी टाकून दिली आणि फळीचं दुसरं टोक धरलं. "अकरा, खाली!" इसोगाई सवयीने ओरडला. "बारा, खाली! तेरा, खाली! चौदा..."

"ती नाही," कुमागिरी म्हणाला. "ती त्या दिवशी होती तशी घाल."

इसोगाईचे हात थांबले. एकतीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी तो डोळ्यांत तेल घालून बसला होता, ती आता स्वतःच्या हातांनी करायची होती. त्याने दात आवळून फळी उलटली आणि ठेवली. ठक्क. तोच आवाज. आकडा आभाळाकडे.

कुमागिरीने अंक उघडला. पहिल्या फोटोत त्याने आसाहिनाला मागून कवळलं होतं आणि त्याची टाच कॅनव्हासवर रंगवलेल्या कंपनीच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर होती. "हे अक्षर कुठे यायचं?"

"बाराव्या फळीच्या अलीकडच्या काठावर."

कुमागिरी तिथे जाऊन उभा राहिला. कोपऱ्याकडे पाठ केली, फोटोत पाहून टाच मागेपुढे सरकवली. मग एक हात खाली टेकवून, कण्हत, शिव्या देत, तो हळूहळू पाठीवर आडवा झाला. सुमिए चहाचा ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली. त्याचं डोकं खाली टेकलं ते बरोबर चौदावर.

तो तसाच पडून राहिला. आभाळाकडे बघत.

"दुसऱ्या फोटोत मी एक पाऊल पुढे आहे," तो म्हणाला. "मला आठवतंय. त्याने ओढलं. मला वाटलं, पळतोय भित्रा. म्हणून आणखी जोरात फेकला त्याला." त्याने मान वळवून इसोगाईकडे पाहिलं. "पळणारा माणूस हात सोडवतो रे. त्याने तर माझी मनगटं धरून ठेवली होती. तेत्सु, त्याला माहीत होतं?"

इसोगाई वाकून तुळईचा बोल्ट चाचपू लागला.

"मी काहीतरी विचारतोय."

"माझी फळी मी सांगितली, कुमागिरी-सान. त्यापुढचं सांगायचं ते माझं नाही."

कुमागिरीला उत्तर मिळालं. त्याला उठवायला नवरा-बायको दोघंही लागले. चहा न घेताच तो ट्रकच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि पट्टा लावला. इसोगाईने ट्रक नुमाझूच्या वाटेला लावला. बंदराचा रस्ता लागला तेव्हा फक्त एवढंच विचारलं, "काय विकतो तो?"

"मुळा. अंडी. पातेल्यातलं."

"तालमीतही तोच चांगला शिजवायचा. माझं खारट व्हायचं."

दारावरचा कापडी पडदा बाजूला सारून कुमागिरी वाकून आत शिरला. इसोगाई मागे उंबऱ्याशीच थांबला. एक गिऱ्हाईक होतं, ते या दोघांकडे बघून पैसे ठेवून निघून गेलं. आसाहिना सगळाच वळला. एकतीस वर्षांत दोघं एकमेकांसमोर आले नव्हते.

आसाहिनाने आधी इसोगाईकडे रागाने पाहिलं. कुमागिरी म्हणाला, "त्याच्याकडे बघू नकोस. त्याने काही सांगितलं नाही. मी स्वतः झोपून बघितलं."

"कुठे?"

"चौदावर."

आसाहिनाने हातातली पळी खाली ठेवली. कुमागिरी उभाच राहिला. एवढा मोठा देह आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"एकतीस वर्षं," तो म्हणाला, "जिथे गेलो तिथे सांगत फिरलो की तू घाबरलास. टीव्हीवर सांगितलं. माझ्या पोरांना सांगितलं."

आसाहिना काउंटरला वळसा घालून बाहेर आला. चालत जाऊन त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिला, नीट ऐकू जावं म्हणून.

"घाबरलो होतोच की, गाढवा," तो म्हणाला. "तुझं डोकं त्या फळीवर आपटताना मला बघायचं नव्हतं. बस आता. मुळा गार होतोय."